वर्णनाप्रमाणे नाही

आई गेल्यानंतर नऊ आठवड्यांनी मी तिचं ऑक्सिजनचं मशीन विकायला काढलं. जाहिरातीत लिहिलं: 'चालू तास १४,२१६. एकाच रुग्णाने वापरलेलं. फिल्टर दर शनिवारी धुतलेला. उजव्या मागच्या चाकाला तडा आहे, पण चाक फिरतं. प्रवाह मिनिटाला पाच लिटरपर्यंत.' धाकट्या भावाने ते वाचलं आणि विचारलं, "ताई, ही जाहिरात आहे की पंचनामा?"

भाऊ आठ वर्षांपासून जुने मोबाइल दुरुस्त करून ऑनलाइन विकतोय. कपाटाएवढं दुकान, पण गिऱ्हाईक सगळीकडचं. त्यानेच खिडकीच्या उजेडात मशीनचे फोटो काढले आणि चाकाचं वाक्य गाळायला सांगितलं. मी गाळलं नाही. फोटोंत मशीनवरची माझी तीन लेबलं स्पष्ट दिसत होती: नळी बदलल्याची तारीख, प्रवाहाचा आकडा आणि समोरच्या बाजूला 'फिल्टर – शनिवार'. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं आहे. आमच्याकडे लेबल नसलेली बाटली सरळ ओतून देतात, मग ती कुठूनही आलेली असो. त्यामुळे घरीही डब्यांवर, चाव्यांवर, आईच्या गोळ्यांच्या पाकिटांवर लेबलं असायची. आई म्हणायची, "एक दिवस माझ्या कपाळावर चिकटवशील."

समोरच्या लेबलाचं मात्र आणखी एक काम होतं. तिथे एक लहानसा हिरवा दिवा होता आणि आई आडवी झाली की तो बरोबर तिच्या डोळ्यांसमोर यायचा. कुणीतरी टक लावून बघत बसलंय असं वाटतं, अशी तिची तक्रार होती. म्हणून शनिवारचं लेबल मी दिव्यावरच लावलं. नंतर आवाजाचाही त्रास होऊ लागला, तेव्हा मशीन खोलीबाहेर न्हाणीघराच्या बोळात ठेवलं आणि लांब नळी जोडली. त्यानंतर ती शांत झोपायला लागली.

जाहिरातीला पहिल्या दोन आठवड्यांत सतरा जणांनी विचारणा केली. काहींनी काहीच न विचारता निम्मी किंमत सांगितली. एकाला ते माशांच्या टाकीसाठी हवं होतं. एकाने चौकोनी कोड पाठवला, तो स्कॅन केला की पैसे लगेच जमा होतील म्हणाला. भावाने मला फोनवरच थांबवलं. पैसे घ्यायला कुणी काही स्कॅन करत नसतं, द्यायलाच करतात, हे त्याने लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. आणखी एकाने मागच्या पाटीवरच्या क्रमांकाचा फोटो मागितला, मी दिला, आणि दोन दिवसांनी आमचंच मशीन, आमच्याच खिडकीच्या उजेडात, दुसऱ्याच कुणाच्या नावाने अर्ध्या किमतीत विकायला लागलेलं दिसलं. भावाने तक्रार करून ते काढायला लावलं. तेव्हापासून मी ताकही फुंकून प्यायला लागले.

मग 'सुईदोरा' नावाने एकाचा मेसेज आला. तो शिंपी होता, मशीन बायकोसाठी हवं होतं. त्याचे प्रश्न नीट होते. किती तास चाललं, फिल्टर कुठे मिळतो, आवाज किती होतो. तो शेजारच्या खोलीत शिवायला बसायचा आणि बायकोला दोन-दोन मशिनांचा आवाज सहन होणार नाही, अशी त्याची काळजी होती. मी आमचा उपाय सांगितला: मशीन न्हाणीघराच्या बाजूला ठेवायचं आणि लांब नळी लावायची. त्याने आभार मानले. पैसे जाहिरातीच्या साइटकडे जमा झाले. सात दिवसांत तक्रार आली नाही तर ते माझ्याकडे येणार होते.

भावाच्या सांगण्यावरून मी बांधाबांध करायच्या आधी न थांबवता एक व्हिडिओ केला. तासांचा आकडा, खोक्यावरचा पत्ता, मशीन सुरू, प्रवाह दाखवणारी काचेच्या नळीतली गोळी पाचवर, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे. चार मिनिटं अकरा सेकंद. भाऊ म्हणाला, आता ब्रह्मदेव आला तरी तुला खोटं पाडू शकणार नाही.

पाचव्या दिवशी शिंप्याचा मेसेज आला. मशीन चालतंय, गोळी पाचवर आहे, पण बायकोच्या बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा शहाऐंशीच्या वर जात नाही, काय करावं?

मी भावाला दाखवलं. त्याला त्यात नवं काहीच नव्हतं. वस्तू पाच दिवस वापरायची, सातव्याच्या आत परत करायची, हा प्रकार तो दर महिन्याला बघत होता. त्याने मला दोन नियम दिले. सॉरी लिहायचं नाही, कारण सॉरी म्हणजे कबुली. आणि प्रत्येक उत्तरात पुरावा द्यायचा.

मी शिंप्याला लिहिलं की नळीला कुठे पीळ पडलाय का बघा, हात गार असेल तर आकडा चुकतो, नखाला रंग असेल तर काढा. त्याने तिन्ही गोष्टी केल्या आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं की नळी नवीन आणली, हात शेकला, तिने आयुष्यात कधी नख रंगवलेलं नाही. आकडा तोच. मी उत्तर दिलं की आकडा आजारावरही अवलंबून असतो. त्यावर त्याने तिसऱ्यांदा लिहिलं. ते वाक्य मला पाठ आहे. 'मॅडम, मागच्या आठवड्यात भाड्याच्या सिलिंडरवर हिचा आकडा चौऱ्याण्णव होता. बाई तीच, बोट तेच, फक्त मशीन बदललं.'

प्रयोगशाळेत नवीन आलेल्या एखाद्या मुलीने अशी नोंद आणून दिली असती तर मी तिचं कौतुक केलं असतं. एक गोष्ट सोडून बाकी सगळं तसंच ठेवायचं, हीच तर तुलना. मी ती भावाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "सिलिंडरची पावती दाखव म्हणावं." मी तसं लिहिलं.

शिंप्याकडे पावती नव्हती. त्याने साइटवर परतीची मागणी नोंदवली. कारणांच्या यादीतून त्याने 'वर्णनाप्रमाणे नाही' हे निवडलं होतं. पुरावा म्हणून त्याने एकच फोटो जोडला: एक बारीक बोट, त्यावर ऑक्सिमीटर, त्यात ८६. माझ्याकडून व्हिडिओ, खरेदीचं बिल, फिल्टरच्या तारखांचा तक्ता आणि जाहिरातीतलं प्रत्येक वाक्य क्रमांक घालून गेलं. दोन दिवसांनी निकाल आला. वस्तू वर्णनाप्रमाणे आहे. प्रकरण बंद.

भावाने फोनवर हसत अभिनंदन केलं. प्रकरण बंद होण्याआधी काही मिनिटं शिंप्याचा शेवटचा मेसेज येऊन पडला होता, तो मी त्यानंतर वाचला. 'ठीक आहे मॅडम. तुमची चूक आहे असं म्हणत नाही. मशीन तुम्ही जपून वापरलेलं दिसतंय. समोरचं लेबलसुद्धा किती सरळ लावलंय. आमचंच नशीब.'

सकाळचे अकरा वाजले होते, मी प्रयोगशाळेत होते, समोर सहा बाटल्या तपासणीसाठी ओळीने होत्या. मी मेसेज पुन्हा वाचला. समोरचं लेबल. त्याच्याखाली काय आहे ते मला माहीत होतं.

हे मशीन खोलीतली हवा आत घेतं, तिच्यातला नायट्रोजन आतल्या चाळणीत अडकवतं आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून सोडतं. चाळणीतला दाणेदार मसाला ओल लागून खराब झाला की नायट्रोजन अडकत नाही. मशीन तसंच घरघरतं, गोळी तशीच पाचवर राहते, बुडबुडे येतात. नळीतून येते ती मात्र जवळजवळ खोलीतलीच हवा. गोळी किती येतंय ते सांगते, काय येतंय ते नाही. ते फक्त तो दिवा सांगतो. ऑक्सिजन पुरेसा असला की हिरवा, कमी पडला की पिवळा. आमच्या जुन्या मॉडेलला त्यासाठी शिट्टी नव्हती. शिट्टी फक्त वीज गेली की वाजायची. हे सगळं माहितीपुस्तिकेच्या नवव्या पानावर आहे. मशीन आलं त्या दिवशी मी ते पान वाचून खाली रेघ मारली होती. आणि चार महिन्यांनी त्या दिव्यावर लेबल लावलं होतं.

नितळ पाणी आणि शुद्ध पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य मी नमुने घेऊन येणाऱ्या लोकांना दिवसातून दहा वेळा ऐकवते.

शिंप्याला लगेच लिहायला गेले, तर प्रकरण बंद झाल्यामुळे मेसेजची जागाही बंद झाली होती. फोन नंबर साइट दोघांपासूनही लपवते. पार्सलच्या पावतीवर पत्ता होता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पावतीसाठी घरी आले.

पावतीच्याच खणात आईची वही होती. रोज सकाळ-संध्याकाळ मी तिचा आकडा आणि मशीनचा प्रवाह त्यात लिहायचे. वीस महिने. या नोंदींचा आलेख मात्र मी कधी काढला नव्हता. आपल्याच आईचा आलेख काय काढायचा, असं वाटायचं. आता उभ्यानेच पानं उलटली; आलेखाची गरज पडली नाही. बराच काळ तीन लिटरवर त्र्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव. मशीन बोळात हलवल्याची तारीखही मीच लिहून ठेवलेली होती. त्यानंतर पाच आठवड्यांनी नव्वद. मग चार लिटरवर एकोणनव्वद. पाच लिटरवर सत्त्याऐंशी. डॉक्टर घरी आले होते, छाती तपासली, काचेतली गोळी बघितली आणि म्हणाले होते की आजार पुढे सरकलाय. मीही तसंच धरून चालले होते. प्रवाह वाढवला की दुसऱ्या दिवशी आकडा थोडा तरी चढायला हवा होता. तो एकदाही चढला नव्हता. ते मी रोज दोनदा स्वच्छ अक्षरात लिहीत होते.

अजून काहीच सिद्ध झालेलं नव्हतं. आईची फुफ्फुसं खरोखरच वाईट होती. शिंप्याच्या बायकोचीही असतील. लेबल काढून बघेपर्यंत दिवा हिरवा असण्याची शक्यता होती.

भावाला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग नेहमीच्या धंद्याच्या आवाजात समजावू लागला की निकाल आपल्या बाजूने लागलाय, आता तू आपल्या पायांनी जाऊन कबूल केलंस तर तो माणूस तुला सोडणार नाही, त्यापेक्षा कुरियरने एक निनावी चिठ्ठी पाठव. मी म्हटलं, कुरियरला दोन दिवस लागतात. मी त्याला वहीबद्दल सांगितलं. नव्वद, एकोणनव्वद, सत्त्याऐंशी.

"जायचं तर जा," तो शेवटी म्हणाला. "पण तिथे काय निघालं ते मला सांगू नकोस, ताई."

आईच्या वेळी वीज गेली तर जवळ असावा म्हणून मी एका दुकानातून सिलिंडर आणायचे. त्या दुकानाला शिंप्याचा पत्ता देऊन तिथे सिलिंडर पोचवायला सांगितलं आणि बस पकडली. दीड तास लागला.

एका लांबट इमारतीच्या तळमजल्यावर त्याचं दुकान होतं. दारात बाह्या नसलेला एक कोट हँगरला लटकत होता. आत टेबलावर खडूच्या खुणा केलेलं कापड. गळ्यात मोजपट्टी घातलेला, चष्मा कपाळावर सरकवलेला साठीचा माणूस मान वर करून बघू लागला. मी कोण ते सांगितलं. त्याने कात्री खाली ठेवली.

"केस तुम्ही जिंकलात," तो म्हणाला. "आता काय राहिलं?"

मी म्हटलं, मशीन बघायचंय. तो बाजूला झाला. मागच्या खोलीत त्याची बायको तीन उशांना टेकून बसली होती. ओठांची कड निळसर. नाकातली नळी जमिनीवरून, दाराच्या फटीतून बाहेर गेली होती. मला बघून तिने मान हलवली. ती दोन-दोन शब्द बोलायची, मध्ये श्वास घ्यायची.

"या. काम करत नाही... पण आवाज बघा. आमच्या घरातलंच... वाटतं." तिने नवऱ्याकडे तिरकं बघितलं. तो हसला नाही.

मशीन न्हाणीघराच्या दाराशी होतं. मी सांगितलं होतं तिथेच. दाराला ओला टॉवेल लटकत होता. गोळी पाचवर. फिल्टर ताजा धुतलेला. माझ्या अक्षरात 'फिल्टर – शनिवार'. लेबलाच्या एका कडेला उजेडाचा अगदी पुसट पट्टा होता. रंग कळत नव्हता.

मी नखाने कोपरा उचलायला बघितलं. निघेना. प्रयोगशाळेतली लेबलं पाण्यात भिजली तरी सुटू नयेत अशीच असतात. माझ्या बोटांना घाम आला होता. शिंपी मागे उभा होता. त्याने टाके उसवायचं बारीक टोकदार हत्यार आणलं आणि मला बाजूला व्हायची खूण केली. त्याने ते टोक लेबलाखाली घातलं आणि शिवण उसवावी तसं हळूहळू, कागद न फाडता, लेबल वर उचललं.

दिवा पिवळा होता. लुकलुकत नव्हता, स्थिर होता.

"हा हिरवा असतो का?" त्याने विचारलं.

"हिरवा असायला हवा."

"पिवळा म्हणजे?"

मी सांगितलं. चाळणी, मसाला, गोळी, सगळं सांगितलं, जसं कुणालाही सांगितलं असतं. त्याने मध्ये अडवलं नाही. लेबल त्याच्या बोटाला चिकटून राहिलं होतं.

"मी तुम्हाला तीनदा लिहिलं," तो म्हणाला.

"हो. तीनदा लिहिलंत."

"तुम्ही पावती मागितलीत."

"हो."

तेवढ्यात सिलिंडर आला. आणणाऱ्याने तो पलंगाशी उभा केला, मी नळी मशीनवरून काढून त्याला जोडली, चक्री उघडली, प्रवाह तीनवर ठेवला. बाईने स्वतःच बोट पुढे केलं. ऑक्सिमीटरवर पंचाऐंशी होते. आम्ही तिघेही आकड्याकडे बघत होतो. एका मिनिटात सत्त्याऐंशी. मग नव्वद. नव्वदवर आकडा थोडा थांबला, आणि मला वाटलं, आता इथेच राहावा. इथेच राहिला तर दोष आजाराचाही आहे. एक्क्याण्णव. त्र्याण्णव. घड्याळाप्रमाणे पाचव्या मिनिटाला चौऱ्याण्णव. ओठांची कड हळूहळू बदलत गेली. बाईने डोळे मिटून तीन-चार मोठे श्वास घेतले, आणि मग पहिलं सलग वाक्य बोलली.

"हे मशीन आधी कोण वापरायचं?"

"माझी आई."

शिंप्याने माझ्याकडे बघितलं. तो बोळात गेला आणि त्याने मशीनचं बटण बंद केलं. घरघर थांबली. दुकानासमोरून जाणाऱ्या हातगाडीची चाकं ऐकू यायला लागली. त्याने लेबल बोटावरून सोडवलं, घडी न करता टेबलाच्या कडेला ठेवलं आणि चष्मा डोळ्यांवर ओढून तो खुर्चीत बसला. पैसे उद्याच परत करते, मशीनही मीच घेऊन जाते, चांगलं मशीन मिळेपर्यंत सिलिंडर माझ्याकडून, असं मी म्हटलं. तो बरं म्हणाला. त्याने माफी दिली नाही आणि मी मागितलीही नाही.

निघताना बाईने मला जवळ बोलावलं. खालच्या आवाजात म्हणाली, "त्यांना त्रास व्हायचा का? तुमच्या आईंना? मला व्हायचा म्हणून विचारते."

मी म्हटलं, "ती झोपून असायची."

"मीसुद्धा," ती म्हणाली.

मशीन रिक्षात घालून घरी आले तेव्हा उजेड होता. तड्याचं चाक जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर तुटलं. भावाचे दोन मिस्ड कॉल होते. मी उलट फोन केला. पोचलीस का, त्याने विचारलं. पोचले. ती बाई बरी आहे का? आहे. मी वाट बघितली. त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही, आणि मी ठरल्याप्रमाणे सांगितलं नाही. पण न सांगण्यातूनही कळतंच. तो म्हणाला, "जेवून घे, ताई," आणि फोन ठेवला.

मी साइटवर जाऊन शिंप्याच्या खात्याला पैसे परत करण्याचा अर्ज भरला. कारणांच्या यादीत 'वर्णनाप्रमाणे नाही' होतं, तेच निवडलं. खाली 'विक्रेत्याचं म्हणणं' अशी जागा होती. त्यात लिहिलं: 'ऑक्सिजनची शुद्धता दाखवणारा दिवा विक्रेत्याने झाकला होता.' दोन तासांत उत्तर आलं की प्रकरण आधीच विक्रेत्याच्या बाजूने निकाली निघालं आहे, फेरविचार होत नाही. पैसे मी दुसऱ्या दिवशी जाऊन हातात दिले.

आईची वही टेबलावर उघडीच होती. आमच्या प्रयोगशाळेत एखादी नोंद घ्यायची राहिली तर जागा कोरी सोडत नाहीत. राहिली असं लिहावं लागतं, कारण कोऱ्या जागेत नंतर कुणीही काहीही भरू शकतं. मी पट्टी घेतली आणि लेबल लावल्याच्या तारखेपासून प्रत्येक पानाच्या उजव्या बाजूला एक नवा रकाना आखला. वर मथळा लिहिला: दिवा. मग पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. सकाळ, पाहिला नाही. संध्याकाळ, पाहिला नाही. सकाळ, पाहिला नाही.